जहाजे येण्यापूर्वी आणि नंतर

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या माणसांना. तेव्हापासून मराठी वाचकाच्या मनात गुलामीचा इतिहास अमेरिकेशी बांधला गेला आहे. कापसाचे मळे, लिंकन, यादवी युद्ध, पुढे मार्टिन ल्यूथर किंग, ब्लॅक पँथर आणि त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन १९७२ साली मुंबईत उभी राहिलेली दलित पँथर ही साखळी आपल्याला पाठ आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते, हेही अनेकांना ठाऊक असते. पण ज्या खंडातून ही माणसे नेली गेली, त्या आफ्रिकेविषयी मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे. आपल्या पुस्तकांत आफ्रिका येते ती जहाजाच्या तळात साखळदंडांनी जखडलेल्या माणसांच्या रूपाने. ही माणसे कुठल्या गावची होती, कोणत्या बाजारात माल घेऊन जात होती, कोणत्या राजाला जकात भरत होती, हे आपण विचारत नाही.

हा संग्रह त्या प्रश्नापासून सुरू होतो. त्यामागे एक ठाम मत आहे आणि ते इथेच सांगून टाकतो. गुलामांच्या व्यापाराचा इतिहास जहाजापासून सांगायला घेतला की आफ्रिका म्हणजे माणसे पुरवणारा एक किनारा, एवढेच उरते. तोच इतिहास आफ्रिकेतल्या बाजारपेठांपासून सांगायला घेतला तर काय मोडले, कुणाचे मोडले आणि कुणाच्या हातून मोडले, याचा अंदाज येऊ लागतो.

पश्चिम आफ्रिकेच्या व्यापाराची गोष्ट मीठ आणि सोने यांची आहे. इब्न बतूता १३५२ साली सहारा ओलांडून मालीला निघाला तेव्हा वाटेत तघाझा या ठिकाणी थांबला. तिथली घरे आणि मशीद मिठाच्या लाद्यांनी बांधलेली होती आणि त्यांवर उंटाच्या कातड्यांची छपरे होती, असे त्याने लिहून ठेवले आहे. झाड औषधालाही नाही, सगळी वाळू. जमीन खणली की मिठाचे जाडजूड थर लागत. ते खणणारे मसूफा टोळीचे गुलाम होते. त्यांना लागणारे खजूर उत्तरेहून येत आणि धान्य दक्षिणेहून. तघाझात स्वतःचे असे मीठच काय ते होते, आणि ते दक्षिणेकडच्या प्रदेशात इतके दुर्मीळ की त्याच्या लाद्यांचे तुकडे करून ते चलनासारखे वापरत. दक्षिणेकडे बांबुक आणि बुरे इथल्या नदीकाठच्या मातीत सोने मिळे. या दोन टोकांच्या मधे जो राजा बसे, तो श्रीमंत होई.

आधी घाना, मग माली, मग साँघाय अशी राज्ये याच जागी एकापाठोपाठ उभी राहिली. कॉर्डोव्ह्यात बसून, व्यापाऱ्यांकडून ऐकलेल्या हकिकतींवरून अल-बक्रीने १०६८ साली घानाच्या राजाची जकात नोंदवली आहे. मिठाने लादलेले गाढव राज्यात आले की एक दिनार, तेच मीठ राज्याबाहेर निघाले की दोन दिनार. खाणीत सापडलेला सोन्याचा गोळा राजाचा, भुकटी मात्र प्रजेची. असे केले नाही तर सोने इतके उदंड होईल की त्याला किंमतच राहणार नाही, हे कारणही त्याने दिले आहे. बाजारातली आवक रोखून भाव टिकवण्याची ही जाण अकराव्या शतकातली आहे. हेगेलने आफ्रिकेला इतिहासच नाही असे बर्लिनमधल्या व्याख्यानांत सांगितले, त्याच्या साडेसातशे वर्षे आधीची. १३२४ साली मालीचा मन्सा मुसा हजला जाताना कैरोत थांबला आणि त्याने इतके सोने वाटले की तिथला सोन्याचा भाव उतरला. बारा वर्षांनीही तो पुरता सावरला नव्हता, असे अरब इतिहासकार अल-उमरी लिहितो.

पूर्व किनाऱ्याचा इतिहास आपल्याला जास्त जवळचा वाटायला हवा, कारण तो आपल्याच समुद्राचा आहे. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या दर्यावर्दी मार्गदर्शकात कल्याण आणि भडोच या बंदरांची नावे आहेत, तशीच पूर्व आफ्रिकेतल्या र्‍हाप्टा या बंदराचे नाव आणि तिथल्या हस्तिदंताची माहितीही आहे. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसूदी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेला आणि आपल्या चौललाही आला. आफ्रिकेचा हस्तिदंत ओमानमार्गे हिंदुस्थानात आणि चीनमध्ये जातो, हिंदुस्थानात त्याच्या खंजिरांच्या मुठी आणि बुद्धिबळाच्या सोंगट्या होतात, असे तो सांगतो. चौलच्या परिसरात मिळालेल्या काचमण्यांशी पूर्व आफ्रिकेतल्या उत्खननांत सापडलेल्या काही मण्यांची रासायनिक घडण जुळते, हे अलीकडच्या संशोधनातून पुढे आले आहे. इकडून कापड आणि मणी, तिकडून हस्तिदंत, सोने, अंबर. किल्वा, मोंबासा, मालिंदी ही प्रवाळाच्या दगडांनी बांधलेली शहरे या देवघेवीवर उभी होती. सोफाळ्याच्या बंदरातून निघणारे सोने आतल्या पठारावरून येई. त्या पठारावरच्या ग्रेट झिंबाब्वेच्या भिंती चुन्याशिवाय रचलेल्या आहेत, आणि तिथे चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे सापडले आहेत.

या सगळ्या व्यापारात माणसेही विकली जात होती. हे झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. सहाराच्या काफिल्यांतून गुलाम उत्तरेला जात, तांबड्या समुद्रातून अरबस्तानात जात. नवव्या शतकात दक्षिण इराकच्या खारट जमिनी साफ करायला लावलेल्या पूर्व आफ्रिकी गुलामांनी बंड केले. ते ८६९ ते ८८३ असे चौदा वर्षे चालले आणि त्यात बसरा शहर लुटले गेले. खुद्द आफ्रिकेतल्या राज्यांतही युद्धकैदी, कर्जापोटी गहाण पडलेली माणसे आणि राजवाड्यातले गुलाम होते. त्यांतल्या काहींची मुले पुढच्या पिढीत घराण्यात सामावली जात, काही सरदार होत, काही आयुष्यभर शेतात राबत. याला सौम्य म्हणावे असे आम्हाला वाटत नाही. पण गुलाम हा अनेक मालांपैकी एक माल होता. सगळी बाजारपेठ त्याच्याभोवती फिरत नव्हती.

१४४१ साली पोर्तुगीज खलाशांनी सहाराच्या अटलांटिक किनाऱ्यावरून काही माणसे पकडून नेली. १४४४ साली पोर्तुगालमधल्या लागोसला २३५ माणसे उतरवून वाटण्यात आली. आई एका वाट्यात, मूल दुसऱ्यात. त्या सकाळचे वर्णन राजदरबारी बखरकार झुरारा याने केले आहे, आणि मोहिमेचा गौरव करायला बसलेल्या त्या माणसालाही ते दृश्य लिहिताना गलबलून आले. तरीही पुढची काही दशके पोर्तुगीजांना मुख्य ओढ सोन्याची होती. १४८२ साली त्यांनी एल्मिनाचा किल्ला बांधला तो सोन्यासाठी. सोने घेऊन येणाऱ्या आकान व्यापाऱ्यांना ओझी वाहायला माणसे हवी असत, म्हणून पोर्तुगीज पूर्वेकडून गुलाम विकत आणून एल्मिनात विकत आणि बदल्यात सोने घेत.

मग साखर आली. आधी साओ तोमे बेटावर, नंतर ब्राझीलमध्ये, नंतर कॅरिबियन बेटांवर. उसाच्या मळ्याला माणसांची भूक किती असते हे तेव्हा जगाला पहिल्यांदा कळले. ही भूक किनाऱ्यावर कशी पोचली, याचा सर्वांत बोलका दस्तऐवज काँगोचा राजा अफोन्सो याने १५२६ साली पोर्तुगालच्या राजाला लिहिलेले पत्र आहे. अफोन्सो ख्रिस्ती होता, पोर्तुगीजांचा मित्र होता, त्याच्या राज्यातही गुलाम होते. तो लिहितो की तुमचे व्यापारी आमच्या सरदारांची मुले, आमचे नातलगसुद्धा पळवून नेत आहेत आणि तुमच्या मालाच्या हव्यासापायी आमचीच माणसे त्यांना सामील होत आहेत. आम्हाला पाद्री आणि शिक्षक पाठवा, व्यापारी आणि माल नको, अशी त्याची विनवणी होती. ती मानली गेली नाही. या एका पत्रात पुढच्या तीन शतकांचे सगळे धागे आहेत: बाहेरची मागणी, आतले भागीदार, आणि भागीदारी करता करता हातातून निसटणारी राजाची सत्ता.

किनाऱ्यावरचा सौदा प्रत्यक्षात कसा होई, हेही पाहिले पाहिजे. आफ्रिकी व्यापारी फुटकळ मण्यांना भुलत असे ही समजूत चुकीची आहे. तो ठरावीक मालाची मोट मागे: अमुक इतके कापड, अमुक पितळी कडी, लोखंडी पट्ट्या, बंदुका, दारू, आणि डाहोमीच्या किनाऱ्यावर कवड्या. कापडाचा रंग किंवा पोत मागच्या वेळेसारखा नसेल तर सौदा मोडे आणि जहाज आठवडेच्या आठवडे अडकून पडे. त्या मोटेत हिंदुस्थानी कापडाला मोठा मान होता. गुजरातचे आणि कोरोमंडलचे निळे, पट्ट्यापट्ट्यांचे सुती कापड आधी लंडनला, नांतला, ॲमस्टरडॅमला जाई आणि तिथून गिनीच्या किनाऱ्यावर. कवड्या मालदीवच्या. त्या बंगाल किंवा श्रीलंकेतून युरोपात जाताना जहाजाचा तोल सांभाळायला तळाशी भरलेल्या असत, तिकडे त्यांचा लिलाव होई आणि मग त्या पश्चिम आफ्रिकेत पोचत. आपल्या मागावर विणलेले कापड एका अनोळखी मुलीच्या किमतीचा भाग होते, हे सुरतेच्या विणकराला कळण्याचा मार्ग नव्हता. आपल्याला मात्र ते आता कळले आहे.

हिशेबाची भाषा काय होती तेही पाहा. १७१३ साली इंग्लंडच्या साउथ सी कंपनीला स्पॅनिश वसाहतींत दरसाल ४,८०० ‘नग’ पुरवण्याचा तीस वर्षांचा मक्ता मिळाला. धडधाकट तरुण म्हणजे एक नग, मुले आणि म्हातारी माणसे नगाचा अपूर्णांक. झाँग या जहाजाच्या खलाशांनी १७८१ साली पाणी संपत आल्याच्या सबबीवर सव्वाशेहून अधिक जिवंत माणसे समुद्रात फेकली, आणि मालकांनी विम्याची भरपाई मागितली. १७८३ साली लंडनच्या न्यायालयात हा खटला चालला तो विम्याचा दावा म्हणून. खुनाचा खटला कोणावरही झाला नाही.

या व्यापाराची मोजदाद हीच मुळात एक अभ्यासशाखा बनली आहे. फिलिप कर्टिन यांनी १९६९ साली सगळे जुने, ऐकीव आकडे बाजूला सारून नव्याने बेरीज केली आणि अमेरिकेत उतरलेल्या माणसांचा अंदाज सुमारे ९५ लाखांवर आणला. त्यावर मोठे वादळ उठले. पुढे डेव्हिड एल्टिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जहाजांच्या नोंदी एकत्र केल्या. आज त्या संचात ३६ हजारांवर सफरी आहेत. त्यावरून सुमारे १ कोटी २५ लाख माणसे आफ्रिकेतून जहाजांवर चढवली गेली आणि सुमारे १ कोटी ७ लाख पलीकडे जिवंत उतरली असे मानले जाते. यांतली चार लाखांहून कमी थेट उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेली. एकट्या ब्राझीलमध्ये ४८ लाखांच्या आसपास उतरली. अमेरिकेच्या कापसाच्या मळ्यांवरून या इतिहासाचे चित्र रंगवण्याची आपली सवय किती तोकडी आहे, हे या दोन आकड्यांवरून दिसावे. सहारा, तांबडा समुद्र आणि हिंदी महासागर या मार्गांसाठी अशा जहाजवार नोंदी नाहीत, म्हणून तिथले अंदाज ढोबळच राहतात.

आकड्यांच्या पलीकडे भांडण आहे ते कारणांचे. एरिक विल्यम्स यांनी १९४४ साली मांडले की ब्रिटनच्या औद्योगिक क्रांतीला गुलामांच्या व्यापारातून भांडवल मिळाले आणि तो व्यापार बंद झाला तो धर्मबुद्धीपेक्षा अर्थकारणामुळे. या मांडणीचा दुसरा भाग आज फारसा टिकत नाही, कारण १८०७ साली ब्रिटनने हा व्यापार बंद केला तेव्हा तो किफायतशीरच होता. पहिला भाग मात्र जोसेफ इनिकोरी यांनी नव्या पुराव्यांनिशी पुन्हा उभा केला आहे. वॉल्टर रॉडनी यांनी आफ्रिकेच्या बाजूने हिशेब मांडला. धडधाकट माणसे गेली, बंदुका आल्या, शेजारी शेजाऱ्यावर तुटून पडला, आणि कारागिरी मागे पडली. रॉडनींचे १९७२चे पुस्तक आजही वाचताना आच जाणवते. जॉन थॉर्नटन यांनी मात्र आफ्रिकी राजे आणि व्यापारी हे आपल्या हिताचा विचार करून निर्णय घेणारे भागीदार होते, हे दाखवून दिले. हा वाद एका बाजूने निकालात काढावा असे आम्हाला वाटत नाही, पण आमचा कल लपवतही नाही. अफोन्सोला निर्णय घेता येत होते हे खरे. ज्या बाजारात तो ते घेत होता तो बाजार त्याच्या हातात नव्हता, हेही तितकेच खरे.

नायजेरियाच्या इबादानमध्ये के. ओनवुका डिके यांच्यापासून सुरू झालेली आफ्रिकी इतिहासकारांची परंपरा, यान व्हान्सिना यांनी मौखिक परंपरेला दिलेला साधन म्हणूनचा दर्जा, आणि गेल्या काही दशकांतले स्त्रियांविषयीचे संशोधन यांनी चित्र खूप बदलले. अटलांटिकपार नेलेल्यांत पुरुष जवळपास दोन तृतीयांश होते. खुद्द आफ्रिकेत गुलाम म्हणून ठेवलेल्यांत मात्र बाया जास्त होत्या, कारण शेती त्यांच्या हातची होती. अलीकडे स्टेफनी स्मॉलवुड, सैदिया हार्टमन यांच्यासारख्या लेखिकांनी एक अवघड प्रश्न विचारला आहे. जिची नोंद फक्त विक्रेत्याच्या खतावणीत एका ओळीपुरती आहे, तिचा इतिहास कसा लिहायचा? त्यांची उत्तरे सर्वांना पटतील असे नाही. प्रश्न मात्र टाळता येत नाही.

हिंदी महासागराच्या बाजूकडे मराठी वाचकाने जरा थांबून पाहावे. मलिक अंबर आपल्याला ठाऊक आहे तो निजामशाहीचा मुत्सद्दी, गनिमी काव्याचा जाणकार आणि खडकीचा संस्थापक म्हणून. तो इथियोपियातला मुलगा हाताहातांतून विकला जात बगदादमार्गे अहमदनगरला पोचला होता. जंजिऱ्याच्या सिद्दींचे मूळही त्याच किनाऱ्यांकडे जाते. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चाले, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्याच्या भर रस्त्यात माणसांचा लिलाव होत असे, हे डच प्रवासी लिन्सखोटेनने डोळ्यांनी पाहून लिहिले आहे. एकोणिसाव्या शतकात झांझिबारची लवंग आणि हस्तिदंत यांच्यामागे कच्छी-गुजराती सावकारांचे भांडवल होते. झांझिबारच्या जकातीचा मक्ता दीर्घकाळ जयराम शिवजी यांच्या कच्छी पेढीकडे होता. आतल्या प्रदेशातून हस्तिदंताबरोबर माणसे आणणाऱ्या काफिल्यांना उधारी याच पेढ्यांतून मिळे, आणि तो हस्तिदंत मुंबईच्या बाजारात येई. त्याचे चुडे लग्नात भरले जात.

सुटकेची वाटही याच समुद्रातून गेली. ब्रिटिश आरमाराने अरबी गलबतांवरून सोडवलेल्या मुलांपैकी काही नाशिकजवळच्या शरणपूर इथल्या मिशनच्या आश्रमात वाढली, शिकली, सुतारकाम-लोहारकाम करू लागली. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासातल्या साथीदारांमध्ये होता. १८७३ साली लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा अंत्यसंस्काराची प्रार्थना त्याने म्हटली, तिथल्या झाडावर अक्षरे कोरली, आणि शव घेऊन लंडनपर्यंत गेला. वेस्टमिन्स्टर ॲबेत खांदा देणाऱ्यांमध्ये हा नाशिकात शिकलेला आफ्रिकी तरुण होता. त्याच १८७३ साली मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या शिष्टाईनंतर झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला.

आज हे का वाचायचे, याला पुष्कळ कारणे आहेत. ब्रिटनने १८३३च्या कायद्याने गुलामी संपवताना दोन कोटी पौंडांची भरपाई दिली ती मालकांना, आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा भाग २०१५ साली फिटला. २०२० साली ब्रिस्टलकरांनी गुलामांचा व्यापारी एडवर्ड कोल्स्टन याचा पुतळा पाडून बंदरात ढकलला. २०२३ साली नेदरलँड्सच्या राजाने माफी मागितली. कॅरिबियन देशांनी भरपाईची एकत्रित मागणी पुढे केली आहे. २००१ साली डर्बनला वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली, तिथे गुलामीच्या जोडीने जातीचा प्रश्न मांडायला इकडून दलित कार्यकर्ते गेले होते. फुल्यांनी जोडलेला धागा त्यांनी पुढे नेला. तो धागा आफ्रिकेपर्यंत नेणे हे अभ्यासकांचे काम होते आणि ते अपुरे राहिले आहे.

या संग्रहातले लेख ते काम पुरे करत नाहीत. आम्ही इजिप्त आणि भूमध्य समुद्राकाठचा प्राचीन व्यापार मुद्दाम बाहेर ठेवला आहे, कारण तो स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे. उरलेल्या तीन पाण्यांना, म्हणजे वाळूचा सहारा, अटलांटिक आणि हिंदी महासागर यांना, एकाच पुस्तकात आणण्याचा हा प्रयत्न आहे. सहसा त्यांचे अभ्यासक एकमेकांना भेटत नाहीत. लेखकांना दोनच अटी घातल्या होत्या: लेख बाजारापासून सुरू करायचा, आणि जिथे नाव सापडेल तिथे माणसाचे नाव घ्यायचे. काही लेख एकमेकांच्या विरुद्ध बोलतात. ते तसेच ठेवले आहेत.

पुढच्या अभ्यासकांसाठी एक गोष्ट सांगायची आहे. झांझिबारशी असलेला राजकीय व्यवहार ब्रिटिशांनी दीर्घकाळ मुंबई सरकारमार्फत पाहिला. त्यामुळे तिथला पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात आहे आणि पूर्व आफ्रिकेचे इतिहासकार तो वाचायला इथे येऊन गेले आहेत. गोव्याच्या पुराभिलेखागारात मोझांबिकशी झालेल्या व्यवहाराची पोर्तुगीज कागदपत्रे आहेत. ज्यांना पोर्तुगीज येते, ज्यांना गुजराती पेढ्यांच्या वह्यांची लिपी लागते आणि जे मराठीत लिहितात, असे दोन-चार तरुण या दप्तरांत बसले, तर या पुस्तकातले शरणपूर आणि गोव्याविषयीचे लेख लवकरच जुने होतील. तसे ते व्हावेत अशी आमची इच्छा आहे.